सॅम्पलच्या डब्यातला बर्फ

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. लिहायची सवय नाही, तरी धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. दुपारी बाइक चालवणाऱ्यांनी एवढं वाचावं.

आम्ही दांडीहून बोईसरला येत होतो. मे महिन्यातली दुपार. विपुलदादा गाडीवर पुढे, मी मागे, मधे सॅम्पलचा डबा. दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करून लॅबला पोचवायच्या, हे आमचं काम. नळ्या गार राहाव्यात म्हणून डब्यात बर्फाच्या पिशव्या असतात. विपुलदादा जुना, मी सुट्टीपुरता, शिकाऊ.

"दादा, जरा सावलीत थांबूया का?" मी विचारलं.

"आरं कॉलेज, आमी दर्यावरची मानसं. गाडी चालू हाय तवर वारा हाय." त्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली.

सरावलीच्या अलीकडे गाडी डुलायला लागली.

"दादा?"

"जालं वढ," तो म्हणाला. "वढ ना, होडी कलंडते हाय."

भर रस्त्यात तो मला जाळं ओढायला सांगत होता. मागून हात घालून मी किल्ली फिरवली. गाडी कडेच्या मातीत शिरली आणि आम्ही दोघं पडलो. त्याच्या मानेला हात लावला तर तव्यासारखी तापलेली, आणि कोरडी. मी घामाने निथळत होतो. त्याच्या अंगावर थेंब नव्हता.

एक रिक्षावाला थांबला. "पहले हेल्मेट, जॅकेट उतारो इसका! छाँव में लो!"

आम्ही त्याला झाडाखाली नेऊन दोन्ही उतरवलं. मी डबा उघडला, नळ्या बाजूला केल्या, पिशव्या काढल्या. मग लॅबच्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, विपुलदादा पडलाय. मी डब्यातला बर्फ काढला. सॅम्पल सगळी..."

"सॅम्पल परत घेता येतील. बर्फ मानेवर, काखेत, जांघेत ठेव. शुद्धीत आहे का?"

"नाही. पाणी पाजतोय."

"अजिबात नको! श्वासनळीत जाईल. अंगावर ओत, वारा घाल, आणि आधी हॉस्पिटल गाठ."

रिक्षात मी त्याला वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होतो. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, हीटस्ट्रोक. म्हणजे शरीराची स्वतःला गार ठेवायची सोयच बंद पडते, आणि मेंदूला धक्का बसतो. "शुद्धीवर आल्यावर माणसं ओळखतो का, ते बघायचं."

चालत्या गाडीवर वारा घाम लगेच सुकवतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तहानेची वाट न बघता थांबावं, पाणी प्यावं, सैल सुती घालावं. भलतीच बडबड सुरू झाली तर गाडी तिथेच बंद. एवढं साधं आहे, आणि मला ते हॉस्पिटलच्या बाकावर बसून शिकावं लागलं.

आयसीयूत आत सोडत नव्हते. मी घरी आलो, जेवण जात नव्हतं. शेवटी त्याच्या बहिणीचा फोन आला.

"डोले उघडले त्यानं. मला वलखलं."

"आणि आईला?"



"आयला नाय अजून."