राहीकाकीचा मुका शेजार

लिव कमळ, आदी हे लिव की राहीकाकी आमची कुनी लागत न्हवती. नात्याची न्हाय, गोत्याची न्हाय. शेजारीन. तिचं परस आन आमचं परस, मधी दगडाचा गडगा, कमरेएवढा. त्या गडग्यापल्याड ती एकली ऱ्हायची आन गावातलं कुनी तिच्याशी बोलत न्हवतं. वाळीत टाकलेली व्हती.

मी लगीन होऊन आले ते मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आसपासचं साल. तेरा-चवदाची आसन मी. माझं म्हायार तळ्याचं, डोंगरातलं. आन ह्यो गाव खाडीच्या कडंला. पाय टाकावा तिथं चिखुल, आन वारा आसा खारट की भाकरी आळनी आसली तरी चालंल. सासूनं, कृष्णाबाईनं, पयल्याच दिशी बजावलं, गडग्यापल्याड बगायचं न्हाय, बोलायचं न्हाय, तिच्या हातचं काय घ्यायचं न्हाय. जो घेल त्याचं घर बी वाळीत. मी इचारलं, तिनं केलं काय? सासू म्हनाली, बाटली ती. बस, एवढंच.

मागनं कळत गेलं. तिचा घोव अंबाजी, मुंबईला गोदीत कामाला व्हता. तिथं तो ख्रिस्ती झाला. गावाला आला, हिला सांगितलं, हिलाबी ते मनापासनं पटलं, आन दोगांनी अलिबागला जाऊन बाप्तिस्मा घेतला. गावकी बसली, दोगांना टाकलं. मंग अंबाजी तापानं गेला. त्याला पुरायला अलिबागसनं मानसं आली, गावातलं एक मानूस घरातनं भायेर आलं न्हाय. पोरबाळ न्हवतं. दीर शिवदास दोन घरं सोडून ऱ्हायचा, ती समोर आली तर तो रस्ता बदली.

आता वाळीत टाकलेलं मानूस काय करतं? शिव्या घालतं, न्हायतर कोपऱ्यात बसून रडतं. हिनं तिसरंच काढलं. आपन बोललो आन कुनी चुकून व्हय म्हनलं तर त्याला त्रास, म्हनून ही सोताच कुनाशी बोलायची न्हाय. मुकी झाली. पन हात काय मुके न्हवते तिचे. गावात हिवताप आला की गुळवेलीचा काढा करायची आन दुपारची, समदी निजली आसताना, ज्याच्या घरी दुखनं त्याच्या पायरीवर भांडं ठिवून यायची. कोन प्यायचं, कोन ओतून द्यायचं. आमची सासू ओतायची. आन भांडं शिवायचं न्हाय म्हनून काठीनं आडवं करायची. एकदा आडवं करताना आर्धा काढा तिच्याच लुगड्यावर. मामंजी, भागोजी नाव त्येंचं, म्हनाले, झालं, आता तुजा ताप लुगड्यातनं जानार. मी पदर तोंडात कोंबून हासले.

नाताळ आला की ती करंज्या करायची. एकट्या बाईला किती लागतात? ही पाटीभर करायची. केळीच्या पानावर मांडून गडग्यावर ठिवायची, समद्या गावाला. कुनी घेत न्हवतं. कावळे न्यायचे. ती बगत बसायची.

आन आयतवार. अलिबागला त्येंच्या देवळात जायाला खाडी उतरायला पायजे, आन होडीवाला हिला घेत न्हवता. ही समदी खाडी वळसा घालून चालत जायची. ते म्हयन्यातनं एकदा जमायचं, प्रभुभोजनाला. बाकीचे आयतवार घरातच भजन. मी भांडी घासताना ऐकायची. भजनात कसं, एक म्हनतो आन मागनं बाकीचे झील धरतात. हिच्या मागं कोन? ती एक ओळ म्हनायची आन गप ऱ्हायची, तेवढा येळ, जसं कुनी झील धरतंय. मंग फुडची ओळ. त्या गप ऱ्हान्यात खाडीचा वारा तेवढा ऐकू यायचा. लय जिवाला लागायचं गं.

एक सांगायचं ऱ्हायलं. सकाळी चुली पेटल्या की ती परसात उभी ऱ्हाऊन घराघरावरचा धूर बगायची आन देवाला एकेकाचं नाव सांगायची. शिवदासची कंबर. पाटील बाळाजी, त्याचा राग. कृष्णाबाईचे डोळे. एकदा मी गडग्याशी राखुंडी घेऊन उभी. आन ती म्हनाली, "रंगू. तिला म्हायारची आठवन येती. तिच्याजवळ ऱ्हा."

माझं नाव लग्नात बदललं व्हतं. हितं मी नीरा. तेबी कुनी म्हनायचं न्हाय, ये, गं, आन तळ्याची, एवढंच. माझा बाप मला सोडून जाताना आळीच्या तोंडाशी म्हनाला व्हता, रंगू, येतो गं. ते तिनं ऐकलं आसनार. मी तशीच उभी ऱ्हायले, राख हातातनं सांडली तरी.

मंग एकदा अलिबागचे पाळकसाहेब आले, दत्तात्रेयराव म्हनून. आपलेच मराठी, डोक्याला पागोटं. तिला न्यायला आलेले. मिशनच्या आवारात खोली हाय, पोरींच्या बोर्डिंगात रांधायला बाई पायजे, बोलायला गायला आपली मानसं हायत, आसं लय समजावलं.

"इथं तुमचं कोण आहे, राहीबाई?"

"ही काय, समदी हायत की."

"तुमच्याशी एक शब्द बोलत नाहीत ती."

"त्येंना मना हाय, सायेब. मला न्हाय. मी गेले तर ह्येंची नावं कोन घेल?"

ते गेले. पन ती लय येळ दारात बसून ऱ्हायली, त्येंच्या वाटंकडं बगत. डोळं पुसत व्हती. जायचं मन तिचं व्हतंच, कमळ. मानसाला मानूस लागतं. मन मारून ऱ्हायली व्हती ती, आन मला भ्या की आज न्हायतर उद्या ही जानार. बोलले न्हवते मी तिच्याशी कदी, तरी भ्या.

त्या साली भादव्यात मोठं उधान आलं. भात निसवलेलं, दाना भरत आलेला. आमची समदी शेती खाऱ्या बांधाच्या आत. बांध फुटून खाडीचं पानी आत शिरलं की पीक तर जातंच, जमीन बी खारावती. भर दुपारी बोंब उठली, बांधाला खांड पडली म्हनून. घरटी मानूस धावलं. बाप्ये चिखुल काढत व्हते आन आमी बायका वळीनं उभ्या, टोपली एकीच्या हातातनं दुसरीच्या हातात, पार खांडीपोतूर.

राहीकाकी आली. कुनी बोलावलं न्हवतं. वळीच्या शेवटाला, चिखलाच्या अंगाला उभी ऱ्हायली. टोपली भरून आनायची, खाली ठिवायची, चार पावलं मागं सरायची, मंग फुडची बाई उचलायची. ती फुडची मी. पानी वाढत व्हतं. मी वाकायची, चिखलातनं उचलायची, तोवर वळ थांबायची. पाटील वरनं वरडला, "ए तळ्याची, झोपा काढतीस काय?" तिनं दुसरी टोपली आनली, खाली ठिवायला वाकली.

मी म्हनले, "द्या हिकडं, काकी."

ती थांबली. मान हालवली, न्हाय म्हनून. मी हात फुडं केले आन तिच्या हातातनं टोपली घेतली. आमची बोटं चिखलात एक झाली. मंग दुसरी घेतली, तिसरी घेतली. समद्यांनी बगितलं, पन त्या येळंला बोलतो कोन. दिवस मावळायच्या आत खांड बुजली. भात वाचलं.

दुसऱ्या दिशी गावदेवीच्या पारावर गावकी. आमच्या घराला बोलावनं. बाळाजी पाटलानं सांगितलं, सून तळ्याला धाडा, कायमची, न्हायतर तुमचं घरबी वाळीत. मामंजी मान खाली घालून उभे, घरवाला त्येंच्या मागं. सासू रडत व्हती आन मला चिमटे बी काढत व्हती. टाकलेली पोर म्हायारी कोन ठिवून घेतं?

तवा राहीकाकी आली. लांब उभी ऱ्हायली. इतक्या वरसांनी गावानं तिचा आवाज ऐकला. म्हनाली, पोरीचा दोष न्हाय, टोपली मी आनली व्हती.

पाटील काय वंगाळ मानूस न्हवता. तो म्हनाला, "राही, देवीला एक नारळ दे. तुजं बी मिटंल, हिचं बी मिटंल. एक नारळ गं."

समदे तिच्याकडं बगाय लागले. मीबी. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं, दे ना काकी.

ती म्हनाली, "माझ्या परसात माड हायत. समदे नारळ उतरवून न्या, पोराबाळांना खोबरं द्या, मी सोता सोलून देते. देवीफुडं माझा हात जोडला जानार न्हाय. मी ज्याची झाले त्याची झाले. पन त्याच्यापायी ह्या पोरीचा संसार मोडाया नगं. मी गाव सोडते. मी न्हाय तर वाळीत कोन? आन कुनाच्या हातचं घेतलं म्हनून हिला टाकाल?"

पाटलानं तिच्याकडं न बगता मान हालवली.

सकाळी ती गेली. एक बोचकं आन अंबाजीचं शास्त्राचं पुस्तक, बायबल, जे तिला वाचता येत न्हवतं. त्या दिशी होडीवाल्यानं तिला होडीत घेतलं. जायाची हाय म्हनून. मी गडग्याशी उभी. तिनं माझ्याकडं मान वळवली न्हाय. कुनी बगितलं तर मला बोल लागंल म्हनून, दुसरं काय न्हाय.

मंग लय वरसांनी, तुझा बाप पोटात व्हता तवा, घरवाल्यासंगं अलिबागला गेले. त्येंना कचेरीत काम व्हतं. मी इचारत इचारत मिशनच्या आवारात गेले. चुलीफुडं व्हती. केस पांढरे, हात तेच. मला घट धरलं. मंग एकेका घराचं इचारत सुटली. शिवदासची कंबर कशी हाय, कृष्णाबाईला दिसतं का, बांध कुनी बगतं का. मी म्हनले, काकी, हितं बरं हाय ना, मानसं हायत. ती म्हनाली, "मानसं ग्वाड हायत. पन मला आजून आपल्याच गावाचा धूर दिसतो गं."

मी म्हनले, चला मंग माघारी. पाटील म्हातारा झालाय, कोन काय म्हननार न्हाय.

ती हासली. माझ्या पोटावर हात ठिवला. "मी आले की पयलं तुझंच दार बंद करतील. तू ऱ्हा तिथं."

तिनं एका ताटात भात वाढला आन आमी दोगी जेवाया बसलो. तिनं आदी डोळं मिटून हात जोडले, मीबी जोडले, काय म्हनायचं ते ठावं न्हवतं तरी. मंग शाळा सुटली, पोरी भुकेल्या आल्या, आन ती पळी घेऊन उठली. मी भायेर आले. आमचं ताट तिथंच ऱ्हायलं व्हतं, अर्धं.