सूर्योदय अजून झालेला नाही

सांगतो, पण एका अटीवर. आमच्या हिच्यासमोर हा विषय काढायचा नाही. जखम अजून ओली आहे!

त्याचं असं झालं, आमच्या ईराचं लग्न ठरत होतं. मुलगा इंग्रज, पण गुणी. त्याच्या वडिलांची, म्हणजे ग्रॅहॅमची, हॅम्पशरमध्ये सफरचंदाची बाग आहे. जूनमधल्या एका वीकेंडला आम्ही तिघं रीडिंगच्या आमच्या घरून त्यांच्याकडे राहायला गेलो. व्याह्यांची पहिली भेट! गाडीतच ईरानं बजावलं होतं, "बाबा, प्लीज, तिथे शहाणपणा नको." बापाला ओळखून आहे पोरगी. पण माझं ठरलं होतं. ग्रॅहॅमवर छाप पडलीच पाहिजे.

जेवताना ग्रॅहॅमनी त्यांचं दुखणं सांगितलं. एक नर हरीण रोज पहाटे येऊन त्यांची नवी कलमं फस्त करत होतं. तीन आठवडे ते बंदूक घेऊन त्याच्या मागावर होते. उद्या त्याला टिपायचंच, तुम्हीही चला मचाणावर, म्हणाले. मी जन्माचा शाकाहारी. पण व्याह्यांना नाही कसं म्हणणार?

मग त्यांनी कायदा सांगितला. इथे हरणावर वाटेल तेव्हा गोळी झाडता येत नाही. सूर्योदयाच्या तासभर आधीपासून सूर्यास्तानंतर तासभरापर्यंत, बस. चुकलात तर बंदुकीचं लायसन्सही जाऊ शकतं.

कायदा म्हटला की मला स्फुरण चढतं. इंग्लंडातल्या बावीस वर्षांत चुकीच्या दिवशी कचऱ्याचा ब्लू बिन बाहेर ठेवलेला नाही मी!

ग्रॅहॅम वेळ बघायला फोन काढत होते. मी म्हटलं, राहू द्या हो. आमच्या फ्रिजवर मराठी कॅलेंडर असतं, त्यात रोजचा सूर्योदय मिनिटासकट छापलेला असतो, आणि त्या पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. सहा वाजून दोन मिनिटं! म्हणजे पाच दोनपासून तुम्ही मोकळे.

जूनमध्ये जरा लवकर उजाडतं अशी त्यांची समजूत होती. मग मी त्यांना पंचांगाचं गणित समजावून सांगितलं. चांगली वीस मिनिटं. शेवटी ते बिचारे हो म्हणाले.

पहाटे सव्वाचारला आम्ही मचाणावर. थंडीनं माझे दात वाजत होते. हळूहळू उजाडलं, पाखरं ओरडायला लागली. आणि पाच वाजायला दहा मिनिटं असताना ते हरीण आलं की! ऐटीत पहिल्या कलमापाशी उभं राहिलं. ग्रॅहॅमनी बंदूक उचलली. मी त्यांची बाही धरली. घड्याळ दाखवलं. अजून बारा मिनिटं.

ग्रॅहॅमनी हरणाकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, मग हळूच मला विचारलं, "सुहास, तो समोर दिसतोय तो सूर्यच आहे ना?"

होता. झाडांच्या आडून वर येत असलेला, लालभडक. माझे डोळे दिपत होते. आणि मी, ऐका हं, मी त्या सभ्य गृहस्थाला म्हणालो, "दिसतोय, पण अधिकृत सूर्योदय व्हायचाय."

दुसरा कुणी असता तर त्यानं मला खाली ढकलून दिलं असतं. पण लायसन्सची भीती आणि त्यात मी होणारा व्याही! त्यांनी बंदूक खाली घेतली. हरणानं निवांत सात कलमं खाल्ली. प्रत्येक कलमागणिक ग्रॅहॅमच्या तोंडून बारीकसा आवाज यायचा. मी घड्याळावरची नजर हलवली नाही. पाच वाजून दोन मिनिटं झाली आणि मी आनंदानं ओरडलो, "नाऊ!"

हरीण एका उडीत कुंपणापार.

ब्रेकफास्टला ग्रॅहॅम खिडकीतून कलमांचे उरलेले खुंट मोजत होते. मी मात्र, निदान कायदा तरी मोडला नाही, म्हणून माझंच कौतुक करत होतो. ईरानं माझा फोन ओढून घेतला, फोटो मोठा करून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, खाली बारीक अक्षरात लिहिलंय. ही वेळ मुंबईची आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ग्रॅहॅमकडे बघायची हिंमत गोळा करत होतो, तेवढ्यात बाजूनं हिचा आवाज आला. अगदी थंड.

"अहो, मग बावीस वर्षं दर संकष्टीला तुम्ही मला चंद्रोदयाची वेळ वाचून दाखवता, ती कुठली?"

मी टोस्टला लोणी लावत राहिलो.

ग्रॅहॅमनी ईराला विचारलं, आई काय म्हणाली. तिनं सगळं सांगितलं, उपास, चंद्र, बावीस वर्षं. ग्रॅहॅम इतके हसले की त्यांचा चहा सांडला. मग डोळे पुसत, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, लग्न आनंदानं करू, तुमच्या पद्धतीनं, अगदी मुहूर्तावर. फक्त मुहूर्त मी काढतो.

आमच्या हिनं लगेच अनुमोदन दिलं.