बोक्याच्या घरातला उंदीर

माझ्या धाकट्या भावाला सगळी वसाहत बोका म्हणते. उंदीर मारणं हा त्याचा धंदा. गोदामं, बेकऱ्या, हॉटेलांची स्वयंपाकघरं, कुठेही उंदीर झाले की त्याला बोलावणं येतं. अंगाने हा काडी पहिलवान, आवाज बारीक, बोक्यासारखं त्याच्यात काहीएक नाही. पण नाव पडलं ते पडलं, मीही त्याला त्याच नावाने हाक मारते.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने उंदीर पाळायचा हट्ट धरावा, याला काय म्हणायचं? तिच्या मैत्रिणीच्या घरच्या पाळीव उंदरांना पिल्लं झाली होती. त्यातलं एक, पांढऱ्या अंगाचं आणि तपकिरी डोक्याचं, ही बया बुटांच्या खोक्यात घालून घेऊन आली. मी खालच्याच मजल्यावर राहते. भावजयीची किंकाळी ऐकून अनवाणीच वर धावले.

माझं मत मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. मुलांची हौस आठवडाभराची, पुढे पिंजरा घासायला आई आहेच. त्यातून उंदीर! मांजराचं पिल्लू मिळालं नाही का कुठे?

बोका मात्र खोक्यात डोकावून वेगळंच बोलला. "डोकं असतं गं त्यांना, ताई. माणूस ओळखतात. नीट वागवलं तर चावतही नाहीत. पण दोन-अडीच वर्षांच्या वर जगत नाहीत. मग हिची समजूत कोण काढणार? तू?"

पोरगी तोंड फुगवून बसली आणि बोका विरघळला. जाळीचा पिंजरा त्याने स्वतः बनवला. उंदीर कुठून निसटतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! पिल्लू पुढचे दोन्ही पाय पोटावर ठेवून ऐटीत बसायचं, म्हणून पोरीने त्याचं नाव ठेवलं शेठ.

माझा अंदाज सपशेल चुकला, हे कबूल करते. पाणी बदलणं, खालचे कागद काढणं, दाणे घालणं, सगळं ती न सांगता करायची. शेठ तिच्या बाहीतून शिरून मानेपाशी निघायचा. एकच गोष्ट तिला डाचत होती. बाबा त्याला कधी हात लावत नसे. ती शेठला उचलून पुढे करायची, "बाबा, एकदा तरी घे ना!" आणि हा हात पाठीमागे घ्यायचा. "नको, तुझा तूच सांभाळ."

एकदा जिन्यात तिने मला विचारलं, "आत्या, शेठ मेला तर बाबाला चालेल ना?"

"काहीतरीच काय बोलतेस!" म्हणून मी तिला दटावलं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. रोज उंदीर मारणाऱ्याचे हात शिवशिवत असतील, म्हणून जवळ जात नसेल, असं मला वाटायचं.

मग एका दुपारी पिंजरा साफ केल्यावर पोरगी कडी लावायला विसरली आणि शेठ पसार झाला. इमारतीत उंदीर झाले होते म्हणून बोक्यानेच मागच्या महिन्यात जिन्याखाली, गच्चीवर, मीटरच्या खोलीत औषध ठेवलं होतं. सोबत उंदीर चिकटून बसतो ते गोंदाचे पुठ्ठे. हे आठवलं तशी पोरगी पांढरीफटक पडली. मी बोक्याला फोन लावला.

तो कामाच्या कपड्यांतच आला. आधी सगळीकडचं औषध गोळा करून पिशवीत भरलं. मग मीटरच्या खोलीत शिरला, त्याच्यामागे आम्ही. शेठ सापडला, जिवंत. चारही पाय आणि एक कूस गोंदात रुतलेली, बारीक आवाजात चीं चीं करत होता.

"बाबा, काढ ना त्याला!"

आणि हा महाशय पाठ फिरवून आवारातल्या नळावर गेला! शर्ट काढला, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पुन्हा साबण लावला. पोरगी हमसून रडत होती. माझं डोकं फिरलं.

"अरे बोक्या, तिथे जीव जातोय त्याचा आणि तू इथे अंघोळ काय करतोयस?"

"ताई, घरातून खायचं तेल आण," एवढंच तो म्हणाला.

त्याने पुठ्ठ्यावर थेंब थेंब तेल सोडलं आणि बोटाने एकेक पाय मोकळा केला. शेठ कडाडून चावला, पण बोक्याने हात मागे घेतला नाही.

"आता हा दिवसभर अंग चाटत बसेल," तो पोरीला म्हणाला. "माझ्या हाताला असतं ते त्याच्या पोटात जायला नको."

"म्हणून तू त्याला घेत नव्हतास?"

"मग काय! कितीही धुतले तरी मला भरवसा वाटत नव्हता."

पोरगी त्याच्याजवळ सरकली. त्याच्या उघड्या दंडाला गाल लावून तशीच बसली. मला माझीच लाज वाटली.

धंदा त्याने सोडला नाही, पोट आहे ना मागे. गोंदाचे पुठ्ठे मात्र बंद केले. तेव्हापासून तो कामावरून आला की पोरगी दारात साबण घेऊन उभी. कोपरापर्यंत दोनदा हात धुवून झाले की ओले हात पुढे करून तो पिंजऱ्यापाशी यायचा. ती ते पुसायची आणि शेठला त्याच्या तळहातावर सोडायची. शेठ खांद्यावर चढून त्याचा कान हुंगत बसायचा.

बोक्याने सांगितलं होतं तेवढंच शेठ जगला. म्हातारा झाला, मागचे पाय गेले, आणि एका सकाळी बोक्याच्या ओंजळीतच गेला. पोरगी पोटभर रडली आणि शाळेत गेली.

संध्याकाळी बोका कामावरून आला तेव्हा मी तिथेच होते. त्याने कोपरापर्यंत दोनदा हात धुतले. ओले हात पुढे करून पिंजऱ्यापाशी आला आणि तिथेच थबकला. पोरगी उठली आणि रोजच्यासारखे त्याचे हात पुसू लागली.