लोरेलचे लाल गाल

डेस पॅस्को ऑस्ट्रेलियातल्या इंगम गावचाच. उसाच्या गाड्या हाकण्यात त्याची उभी हयात गेली आणि गावात त्याचं कोणाशी वाकडं नव्हतं. म्हणून शुक्रवारी हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या लॉन बोल्सच्या क्लबात त्याच्या टेबलाशी कोणी फिरकेना, तेव्हा त्याला आधी वाटलं, आपल्या अंगाला वास येतोय की काय. पुढच्या शुक्रवारी बारवाल्या मिकने त्याच्यापुढे बिअर आपटली आणि घरी सगळं ठीक ना, असं विचारलं. विचारण्याचा सूर पोलिसाचा होता.

घरी येऊन त्याने बायकोकडे पाहिलं आणि सगळा उलगडा झाला. लोरेल महिन्यातून एकदा टाउन्सविल शहरात जाऊन गालांवर बारीक सुयांचं यंत्र फिरवून घ्यायची. मुरुमांच्या खड्ड्यांनी तिला जन्मभर छळलं होतं. टोचलेली कातडी भरून येताना नवी होते, असं तिथली बाई सांगायची. परत यायची ती लालभडक तोंडाने, डोळ्यांखाली निळसर झाक घेऊन. मग ऊन लागू नये म्हणून पडदे ओढलेले, बाहेर पडलीच तर काळा चष्मा आणि रुमाल. वर नवऱ्याला ताकीद, कोणाला सांगशील तर याद राख, साठीत नटायला निघाली म्हणून गाव हसेल.

गाव हसत नव्हतं. शेजारची नोरीन तर डेसवर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवून होती. तो मोठ्याने शिंकला तरी तिची खिडकी उघडायची. हळूहळू तो स्वतःच्या घरात चोरासारखा वावरू लागला, बायकोला हाक मारतानाही आवाज खाली ठेवू लागला.

शेवटी गावाला आपल्याबद्दल काय संशय आहे, ते त्याने लोरेलला सांगून टाकलं. ती आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. माझं हसं झालं तर होऊ दे, म्हणाली, आणि शुक्रवारी चष्मा न लावता क्लबात गेली. दर शुक्रवारी बक्षीस म्हणून ठेवलेल्या मांसाच्या पाटीची सोडत निघण्याआधी तिने सगळ्यांना सुयांची हकीकत सांगितली. लोकांनी माना डोलावल्या. डेसकडे मात्र कोणी पाहिलं नाही.

निघताना नोरीनने लोरेलचा हात धरला. डेस शेजारीच उभा होता, तरी त्याच्याकडे पाठ करून ती हलकेच म्हणाली, "सुयाच असतील, बाई, मी कुठे नाही म्हणते? पण माझं मागचं दार मी लावत नाही. कधीही ये. चपला घालायलासुद्धा थांबू नकोस."

डेसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं खडसवावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण त्याला आई आठवली. याच गावात ती वर्षानुवर्षं पावडर थापून गाल झाकत आली होती. पडले, म्हणायची, आणि सगळे लगेच खरं मानायचे. तिच्यासाठी कोणी दार उघडं ठेवलं नव्हतं.

"उघडंच ठेव, नोरीन," तो म्हणाला.

ही कबुलीच आहे असं नोरीनने धरलं, ते त्याला दिसलं. त्याने धरू दिलं.