काडी हटवू नका

रेडिओची एरिअल ओढून लांब केली की गोंदियातल्या समुपदेशक बाईंच्या हातातली तशीच काडी आठवते. आमचा लहानगा बोदलकसाच्या तलावात बुडाला, तेव्हापासून बायको बोलेनाशी झाली होती. नजर जिथं अडते तिथंच दुःख दडलेलं असतं, असं बाई म्हणाल्या. कूलर घरघरत होता. बाई काडी हळूहळू सरकवत होत्या आणि बायकोचे डोळे तिच्या टोकामागून जात होते. डावीकडे खाली, कमरेइतक्या उंचीवर ते थबकले. "इथं जास्त दुखतं का?" बाईंनी विचारलं. कित्येक महिन्यांनी बायकोच्या तोंडून शब्द फुटला, "काडी हटवू नका जी. तो उभा हाये ना इथं." आता ती बोलते, हसतेही, पण रस्त्यानं चालताना डावा हात जरासा खाली धरते, आणि मी मुद्दाम तिच्या उजवीकडून चालतो.