देवघरावरचा पहिला पत्रा

सणसरला आम्ही नव्वद सालानंतर पत्र्याचं घर बांधलं. त्याआधी उसाच्या पाचटाचं छप्पर होतं. ते गळत नव्हतं. नवं घर गळलं.

मेंढरं घेऊन हिंडायचो तेव्हापासूनची आमच्यात रीत, कुठंही आडोसा केला तरी आधी देवावर सावली धरायची, मग माणसांवर. देवघर मधल्या भिंतीला, आढ्याखाली. म्हणून सासऱ्यांनी, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, पहिला पत्रा आढ्यालगत ठेवायला लावला. खिळ्याला हळदकुंकू वाहून स्वतः ठोकला. त्या बाजूचे बाकीचे पत्रे मग खाली उतरत बसवले. खरं तर पत्रे खालून वर चढवत न्यायचे असतात, म्हणजे वरच्याची कड खालच्यावर येते. आमच्या पुढच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या पुढच्या उतारावर, सगळं उलटं झालं. पाणी सांध्यात शिरून सरळ घरात.

हे कळलं उशिरा. आमच्याकडे खरा पाऊस परतीचाच. तो लागला तेव्हा सगळ्यांनी खिळ्यांच्या भोकांना दोष दिला. माझ्या मालकांनी भोकांवर डांबर फासलं. फरक पडला नाही.

सासूबाईंना दमा होता. त्यांची बाज देवघरापुढं, थेंब गोधडीवर पडायचे. मागच्या बाजूला कोरडं होतं, पण तिथं चूल. धुरानं त्यांचा श्वास कोंडायचा. मी बाजेवर प्लास्टिकचा कागद ताणून बांधला. त्यात साठलेलं पाणी एकदम त्यांच्या अंगावर सांडलं.

"सून गुणाची हाय, जागेवर आंघोळ घालती," त्या म्हणाल्या.

मालक पुन्हा वर चढले तेव्हा त्यांना उलटे सांधे दिसले. खाली येऊन म्हणाले, "आबा, वरचा पत्रा उचलल्याबिगर भागत न्हाय. तुमचा खिळा काढावा लागंल."

"पुजलेला खिळा हाय. मी हाय तवर निघणार न्हाय."

मालकांनी शिडी काढून ठेवली. बापाचा शब्द ते कधी मोडायचे नाहीत. सासूबाई नवऱ्याकडं बघत होत्या.

"मग मलाच काढा हितनं," एवढंच बोलल्या.

त्यांना ताप भरला. बारामतीच्या डॉक्टरांनी छातीत कफ झालाय, कोरड्यात ठेवा म्हणून सांगितलं. पणदऱ्याला लेकीकडं न्यायचं ठरलं. त्याआधीच त्या गेल्या.

दहाव्याच्या आदल्या दिवशी पुन्हा ढग आले. पाहुणे यायचे होते. आबा आपणहून म्हणाले, "काढ तो खिळा."

मालकांनी काढला. पत्रे उचलून सुलटे बसवण्यात दुपार गेली. आबांनी खिळा धुऊन देवापुढं ठेवला आणि आपली बाज तिथंच टाकली. तिथं आता कोरडं होतं.