पळसाचे मेढे

आई गेल्यावर बाबांना मी डोंगरकड्याहून हिंगोलीला माझ्या घरी आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणून त्यांना घास उतरत नसे. मग त्यांनी अंगण हाती घेतलं. माळावरून तरवड, निर्गुडी, बोर आणून लावली आणि मधोमध पळसाचं बी टोकलं. पळस माझ्या डोक्याच्या वर गेला, तेव्हा कुठं ‘मी गावाकडं जातो’ हे पालुपद थांबलं.

नवऱ्याला मात्र तिथे सिमेंटचे गट्टू हवे होते. “मामा, साप निघेल एखाद दिवशी,” हे त्याचं रोजचं. कॉलनीतल्या बाया आम्हाला ‘जंगलवाले’ म्हणायच्या, तेही माझ्या तोंडावर.

पोळ्याला आमच्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. त्यांना मेढे म्हणतात. त्या वर्षी नवरा कॉलनीभर सांगत फिरला, “विकत कशाला घेता? आमच्या अंगणात आहे की पळस!” हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! सणाला दारात आलेल्याला बाबा नाही म्हणणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सकाळपासून रीघ लागली. जंगलवाले म्हणणाऱ्या बायाच सगळ्यांच्या पुढे. “न्या माय,” म्हणत बाबा विळ्याने एकेक फांदी उतरवत राहिले. मी मध्ये पडले तर माझ्यावरच डाफरले, “सणाला न्हाई म्हणू न्हाई, पोरी.” दुपारी नुसतं खोड उरलं. नवऱ्याने त्यातल्याच दोन फांद्या आमच्या दाराला लावून त्यांना हळदकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गट्टूंचा ट्रॅक्टर दारात. असा ट्रॅक्टर काही एका रात्रीत ठरत नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला त्या माणसाची किळस आली.

“जावईबापू, खोड तेवढं राहू द्या,” बाबा म्हणाले. “फुटतंय ते.”

“वाटून तर तुम्हीच टाकला, मामा,” नवरा हसत म्हणाला. “आता कशाला जीव अडकवता त्यात?”

“व्हय. म्याच देलं,” बाबा म्हणाले.

तरवड, बोर मजुरांनी भराभर उपटली. पळसाचं मूळ मात्र निघेना. नवरा त्यांच्यावर खेकसायला लागला, तसे बाबा उठले, धोतर खोचलं आणि कुदळ मागून घेतली.

“तुमाला न्हाई निघायचं ते,” ते मजुरांना म्हणाले. “कुठवर गेलंय, मला ठावं हाय.”

ते खणत राहिले. नवरा खुर्ची टाकून बघत बसला.